अंड्याच्या मावशींची झालर

जन्मात कधी अंडं न खाल्लेल्या बाईने जन्मभर अंडी फोडली, असं मी सांगितलं तर आमच्या वर्ध्याकडचे लोक म्हणतील, पोरगी पुण्याला राहून थापा मारायला शिकली. पण आमच्या मावशींचं अगदी हेच होतं. रोज सकाळी साडेनऊला त्या संस्थेत यायच्या, घरची साडी खुंटीला टांगून नोकरीची सुती साडी नेसायच्या आणि दुपारपर्यंत पंचवीस-तीस अंड्यांना बारीक कात्रीने खिडक्या पाडून आमच्यापुढे ठेवायच्या. संध्याकाळी घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग चहा. एखाद्या नव्या मुलाने भीतभीत विचारलंच, "मावशी, तुम्हाला चालतं का हो हे?", तर कात्री न थांबवता म्हणायच्या, "मी खात नाही, फोडते. कोर्टाचा बेलिफ लोकांच्या घरातलं सामान उचलतो, म्हणून ते स्वतःच्या घरी नेतो का?"

आमची संस्था टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथे कोंबडीच्या अंड्यातला गर्भ कसा घडतो, याचा अभ्यास चाले. अंडी हडपसरकडच्या एका पोल्ट्रीतून यायची, उबवणयंत्रात राहायची आणि ठरल्या दिवशी आम्ही ती उघडून आत काय काय झालंय ते बघायचो. आम्ही म्हणजे पीएच.डी. करणारी चार-पाच जणं, आमचे सर आणि मावशी. मावशींचा हुद्दा प्रयोगशाळा सहायक. त्यांचे यजमान तिथेच नोकरीला होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मावशी लागल्या. त्याआधी त्या लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानाला बाळंतविडे शिवून द्यायच्या. झबली, टोपडी, दुपटी, सगळं. बाहेर आलेल्या बाळांचे कपडे शिवणारी बाई एकदम आत असलेल्या बाळांच्या खात्यात आली, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मी पुण्यात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बोलण्याची यथास्थित तपासणी झाली. "मी अंडी ठेवून राहिली ना," असं मी म्हणाले तर मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "ठेवून कुठे राहिलीस? इथेच राहा, वसतिगृह मिळालंय ना?" मी वर्ध्याची आहे हे दहादा सांगूनही त्यांनी मला कधी वर्धेकर म्हटलं नाही. पुण्याच्या माणसाला पूर्वेकडचं सगळं नागपूरच. तेव्हापासून मी "नागपूरकर" झाले. मला राग यायचा, बाप्पा! पण त्यांच्या डब्यातल्या लिंबाच्या लोणच्याची पहिली फोड माझ्याच झाकणात पडायची, हेही खरं.

अंडं उघडण्यापूर्वी मावशी ते आडवं ठेवून अर्धा तास त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. गर्भ हलका, तो तरंगत वर येतो, मग खिडकी बरोबर त्याच्यावर पडते. आम्हाला घाई. त्यांना मुळीच नाही. "त्याला आधी नीट बसू दे. पाहुणा दारात चपला काढतोय तोवर तुम्ही पानं काय वाढताय?" नव्या विद्यार्थ्याला त्या दोन दिवसांचं अंडं मुद्दाम स्वतः उघडून दाखवायच्या. पिवळ्या बलकावर लाल ठिपका थडथडत असायचा. ते हृदय. नुसती एक नळी, तीही अजून पुरती वळलेली नसायची. "रक्त न्यायच्या नळ्या धड जोडलेल्या नाहीत, तरी साहेब कामाला लागलेत," त्या म्हणायच्या. "सरकारी नोकर नव्हे." मी आयुष्यात नंतर पुष्कळ भारी गोष्टी बघितल्या, पण त्या ठिपक्यासारखं मला काही दिसलं नाही.

आमच्या एका सीनियरने गर्भाला औषध देऊन त्याची हालचाल थांबवली होती. पिल्लू अंड्यात हातपाय हलवतं, त्या हलवण्यानेच त्याचे सांधे मोकळे घडतात का, हे त्याला बघायचं होतं. बघितलं तर गुडघे धरलेले. सीनियर आनंदाने नाचायला लागला. मावशी म्हणाल्या, "आमच्या सोसायटीतले निवृत्त लोक दाखवले असते की तुला. अंड्यांचा खर्च वाचला असता."

आता एकादशीचं सांगायलाच हवं. एकादशीला मावशी अंडं फोडत नसत. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना त्यांची रजा ठरलेली. सरांनी सुरुवातीला कुरकुर केली म्हणे, पण मावशींनी अर्ज लिहून दिला, त्यावर कारण लिहिलं "धार्मिक" आणि वर पेन सरांचंच मागून घेतलं. तेव्हापासून आमच्या प्रयोगांचं वेळापत्रक कालनिर्णय बघून ठरायचं. आठ दिवसांचा गर्भ हवा असेल तर आठवा दिवस एकादशीला येत नाही ना, हे मोजूनच अंडी यंत्रात जायची. त्यात पुण्यात तेव्हा गुरुवारी वीज जायची. गुरुवारी मावशी उबवणयंत्राभोवती गरम पाण्याच्या पिशव्या लावून, वर जुनं दुपटं गुंडाळून बसायच्या आणि दर अर्ध्या तासाने थर्मामीटर वाचून मला लिहायला लावायच्या. एकादशी आणि गुरुवार चुकवून जे उरेल ते आमचं विज्ञान.

माझा विषय होता आतडं. कोंबडीच्या गर्भात आतडं आधी सरळ नळी असतं. मग ते वाढतं आणि त्याची वेटोळी होतात. गंमत अशी की ती कशीही होत नाहीत. दर पिल्लात तेवढीच, त्याच तऱ्हेने. का? सरांचं म्हणणं, पेशींना आतून रासायनिक हुकूम येतो, इथे वळा, तिथे वळा. तो हुकूम शोधायचं काम माझ्याकडे. दोन वर्षं मी शोधला. एक रसायन झालं, दुसरं झालं, दहावं झालं. आतडं आपलं निवांतपणे वळतच होतं. शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. कोथरूडला ज्या खोलीत मी राहायला गेले होते, तिथली माझी मैत्रीण संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची आणि आल्यावर म्हणायची, "तू कोंबडीच्या आतड्यात अडकलीयेस, इकडे लोक अमेरिकेला चाललेत." घरून बाबांची पत्रं यायची, त्यातही शेवटी तेच. माझं सगळं त्या वेटोळ्यांवर लटकलं होतं. हुकूम सापडला तर पीएच.डी., नाहीतर वर्ध्याची गाडी.

त्या घाईत मी अंडी ठेवली आणि कालनिर्णय बघायचं विसरले. बारावा दिवस नेमका एकादशीला आला. मावशी रजेवर. मीच कात्री घेतली. आतडं एका पातळ पडद्याने पाठीशी जोडलेलं असतं. तो पडदा आतड्याबरोबर तसाच काढायचा, त्याला धक्का लावायचा नाही, हे मावशींच्या हातखंड्याचं काम. माझी कात्री नेमकी पडदा आणि आतडं यांच्या मधून गेली, सरळ, टोकापासून टोकापर्यंत. आणि बघते तर काय, वेटोळी गेली! सगळं आतडं सुतासारखं सरळ होऊन बशीत पडलं. पडदा आक्रसून एवढासा झाला. बारा दिवसांचं काम वाया गेलं म्हणून मी रडत रडत बशी फ्रीजमध्ये टाकली आणि खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधी मावशींनी फ्रीज उघडला होता. बशी टेबलावर, मावशी भिंगातून वाकून बघतायत. "हे कुणी उसवलं?"

"चुकलं मावशी. फेकणारच होते."

"फेकतेस काय? इकडे ये, नागपूरकर. झबल्याच्या गळ्याला झालर कशी येते, सांग."

मला काय माहीत! मावशींनी पिशवीतून अर्धवट शिवलेलं झबलं काढलं. संस्थेत कुणाकडेही बाळ व्हायचं असलं की मावशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासाठी झबलं शिवायच्या, हा तिथला रिवाजच होता. त्यांनी इलॅस्टिकची पट्टी दोन हातांत धरून ताणली. "इलॅस्टिक ताणायचं, आणि ताणलेलं असतानाच कापडाला शिवायचं. सोडलं की ते आखडतं, कापडाला आखडता येत नाही, मग ते बिचारं काय करणार? चुण्या पडतात. कापडाला कुणी सांगत नाही इथे वळ म्हणून." मग सुईच्या टोकाने टाका काढला. झालर गेली, कापड सपाट. "इलॅस्टिक निघालं की चुण्या गेल्या. तुझ्या बशीत दुसरं काय झालंय?"

मी बशीवर वाकले. आतडं भराभर वाढतंय, पडदा हळू वाढतोय. पडदा ताणला जातो, आतड्याला मागे ओढतो, आणि लांब नळीला आखूड पडद्यावर मावायचं तर वेटोळी घालण्यावाचून इलाजच नाही. "पण सर म्हणतात पेशींना हुकूम येतो," मी पुटपुटले. "येत असेल," मावशी म्हणाल्या, "आतड्याने वाढायचं आणि पडद्याने मागे राहायचं, एवढा येत असेल. पुढचं काम ओढाताणच करते."

दोन दिवसांनी त्यांनी रबराची मऊ नळी आणि फाटक्या रबरी हातमोज्याचा तुकडा घेतला. तुकडा मेणाच्या ताटात टाचण्यांनी ताणून बसवला, त्याच्या कडेवर नळी शिवली आणि टाचण्या काढल्या. नळीची वेटोळी! हुबेहूब पिल्लाच्या आतड्यासारखी. मग त्यांनी आणखी दोन केली. रबर जास्त ताणलं तर वेटोळी जास्त, नळी जाड घेतली तर कमी. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. त्या म्हणाल्या, "नाचू नकोस. मोजायला लाग."

शुक्रवारी आमचा सेमिनार असायचा. मी ती तिन्ही मॉडेलं नेली आणि शेवटी, वेळ उरला म्हणून, टेबलावर ठेवली. सरांनी एक उचललं, उलटसुलट केलं. "ही भ्रूणविज्ञानाची प्रयोगशाळा आहे की शिवणक्लास?" हॉल हसला. सर वाईट नव्हते हो. त्यांना थट्टेची सवय होती, आणि शिवलेली नळी हातात घेऊन कुणीही हसलंच असतं. त्यांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हसले. सगळ्यांबरोबर हसले, आणि म्हणाले, "अहो सर, काही नाही, मावशींचा टाइमपास आहे तो."

मावशी दारात उभ्या होत्या. पुढच्या वक्त्याच्या स्लाइडचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या आत आल्या, डबा प्रोजेक्टरशेजारी ठेवला, सरळ केला, तिन्ही मॉडेलं उचलली आणि गेल्या.

सोमवारी मी दबकत दबकत प्रयोगशाळेत गेले. "मॅडम, आपली अंडी तयार आहेत," मावशी म्हणाल्या. मॅडम! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. काम चोख, खिडक्या पूर्वीसारख्याच नेमक्या, अंडं आडवं ठेवलेलं. फक्त लोणचं बंद झालं, आणि माझ्यासमोर बसून जेवणाच्या सुट्टीत शिवणंही. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "मॅडम, आणखी काही हवंय?" मला मोजायचं होतं, मी मोजलं नाही. पडदा उसवून पुन्हा बघायचं होतं, तेही नाही. पुन्हा रसायनांकडे वळले. वर्ष संपलं, शिष्यवृत्ती संपली, आणि मैत्रिणीच्या ओळखीने मला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी मावशी एवढंच म्हणाल्या, "एप्रन धुऊन जमा करा."

मग खराडी. काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्र, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामातल्या चुका शोधायच्या. माझं बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू? लग्न झालं, मुलगी झाली. बातमी जुन्या मित्रांकडून संस्थेत पोचली असणार, कारण सगळ्यांचे फोन आले. माझ्यानंतर संस्था सोडून गेलेल्या एकाच्या मुलालासुद्धा मावशींचं झबलं गेलं होतं. माझ्याकडे आलं नाही. मी वाट बघितली. खरंच बघितली. दार वाजलं की वाटायचं, कुणाच्या तरी हातून आलं असेल. मुलगी रांगायला लागली तेव्हा वाट बघणं सोडलं.

काही वर्षांनी ऑफिसात कॉम्प्युटरवर काहीतरी चाळताना एक बातमी दिसली. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी आतड्याची वेटोळी कशी होतात ते शोधलं होतं. त्यांनी रबराची नळी ताणलेल्या रबराच्या पातळ पट्टीला शिवली होती. फोटो होता. मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. पहिला येण्याचा मान गेला म्हणून नाही. मला ते मेणाचं ताट आठवत होतं, आणि मावशींचं "मोजायला लाग".

त्याच सुमारास सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला. जुने विद्यार्थी गोळा झाले. तोच हॉल, फक्त खुर्च्या नव्या. मावशी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. केस पांढरे, पाठ ताठ. मी नमस्कार केला. "बऱ्या आहात ना मॅडम?" इतकंच.

सर भाषणाला उभे राहिले. थकले होते. बोलता बोलता त्यांनी त्या परदेशी शोधाची गोष्ट काढली. "मी फार मोठी चूक केली," ते म्हणाले. "हे आपल्या याच हॉलमध्ये त्यांच्या कितीतरी आधी झालं होतं. मी हसलो होतो. आज त्या विद्यार्थिनीची मी सर्वांसमोर माफी मागतो," आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मावशींचं नाव त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, मॉडेलं मी आणली होती एवढंच राहिलं होतं. टाळ्या सुरू झाल्या. जोरात, बराच वेळ. शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली. आणि बाप्पा, खोटं सांगत नाही, दोन क्षण मला ते इतकं गोड वाटलं की मी मान थोडी खालीसुद्धा घातली, लाजल्यासारखी.

मग उभी राहिले. "सर, मी नाही. ते मावशींनी केलं होतं. विचारही त्यांचा आणि शिवणही त्यांचं. तुम्ही विचारलंत, कल्पना कुणाची, तेव्हा मी टाइमपास म्हणाले, आणि तुमच्याबरोबर मीही हसले. माझी माफी मागू नका. मीच मागायची राहिलेय." एवढं बोलून मी मागे वळले. सगळा हॉल मागे वळला. मावशी जागेवरच होत्या. सरांनी व्यासपीठावरून हात जोडले. मावशींनी उठून नमस्कार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. सत्कार आपला आहे, तो आधी उरकून घ्या. चहा गार होतोय."

बाहेर फाटकाशी रिक्षाची वाट बघत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. मग म्हणाल्या, "त्या लोकांनी टाका कुठला घातला गं?"

"माहीत नाही मावशी. फोटोत नीट दिसत नव्हतं."

"धावदोरा घातला असेल तर ताणताना तुटला असेल. मी टीप घातली होती." रिक्षा आली. बसता बसता म्हणाल्या, "रविवारी घरी ये, नागपूरकर. मुलीला घेऊन ये."

कोथरूडला पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. खिडकीपाशी शिवणयंत्र. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिने लोणच्याच्या तीन फोडी खाल्ल्या आणि मावशींना तिची भाषा पुणेरी आहे म्हणून मोठं समाधान झालं. निघताना त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं. आत झबलं होतं. पिवळं, मऊ मलमलीचं, गळ्याला झालर.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"हिच्यासाठी. कुणासाठी म्हणजे काय? ही झाली त्या महिन्यातच शिवलं होतं. पाठवलं नाही." मुलगी ते अंगाला लावून खिदळायला लागली, एक हातसुद्धा जाईना. मला हसावं की रडावं कळेना, आणि मी दोन्ही केलं. मावशींनी तिच्या हातातून ते घेतलं, घडी घातली, माझ्या पिशवीत ठेवलं. "हिला आता होणार नाही. हिच्या मुलांना होईल. कापड चांगलं आहे, टिकेल. काल इलॅस्टिक नवं घातलंय, आधीचं सैल पडलं होतं."

मावशी पुढच्या वर्षी गेल्या. एकादशीलाच. पुडकं माझ्या कपाटात आहे. दर दोन-तीन वर्षांनी काढते, जुना टाका उसवते, नवं इलॅस्टिक हातांत धरून ताणते आणि टीप घालते. अजून मला त्यांच्यासारखी जमत नाही, पण सोडलं की झालर येते.